नागझिऱ्याचे अरण्यलेखन आणि तळ्यांचे ज्ञान

मराठी अरण्यलेखनात नागझिऱ्याचे स्थान मोठे आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ व किरण पुरंदरे यांचे ‘सखा नागझिरा’ या दोन्ही ग्रंथांत बाहेरून येऊन अरण्यात राहिलेल्या निरीक्षकाची दृष्टी आहे. तिचे मोल निर्विवाद होय. तथापि, या परिसरातील गोंड, ढिवर, कोहळी इत्यादी समाजांचे ज्ञान हा तिचा मुख्य विषय नव्हे. पाऊसमान बेभरवशाचे झाले असता ही उणीव केवळ वाङ्मयीन राहत नाही.

मारुती चितमपल्ली यांनी या दिशेने पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांच्या स्थानिक नावांना शास्त्रीय नावांच्या पंक्तीस स्थान मिळाले. परंतु कोशात आलेले ज्ञान ज्यांचे, त्यांच्या हाती ते पुन्हा कसे जावे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर याच प्रदेशातील तलावांपाशी सापडते. येथील मालगुजारी तलावांच्या उभारणीत कोहळ्यांचा वाटा प्रमुख होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट होऊन तलाव शासनाकडे गेले. गावाने देखभाल करण्याची जुनी रीत सैल झाली, गाळ साचला, बेशरम माजली. पाऊस दीर्घ काळ दडी मारतो आणि मग एकाएकी कोसळतो, तेव्हा गाळाने भरलेला तलाव धानाला पाणी पुरवू शकत नाही आणि लोंढाही सामावून घेऊ शकत नाही.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांकडील पाणवनस्पतींची व माशांची माहिती नोंदविली. विशेष असे की, ती नोंद कपाटात पडून राहिली नाही. ढिवरांच्या सहकारी संस्थांसह बेशरम उपटण्यात आली व माशांना आसरा देणाऱ्या स्थानिक वनस्पती तलावांत पुन्हा लावण्यात आल्या. कोणती वनस्पती किती पाण्यात रुजते, हे येथे ढिवरांनीच सांगावयाचे होते. अभ्यासक श्रोता होता.

‘संस्कृती’ म्हणजे रंगमंचावरील नृत्य व संग्रहालयातील वस्तू, एवढाच अर्थ घेणाऱ्या संस्थांनी हा क्रम अभ्यासावा. अर्थात, ज्ञानाच्या गौरवाने हक्काची जागा भरून निघत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. सांस्कृतिक संस्थेची नोंद त्या अधिकाराला पुरावा म्हणून उपयोगी पडावी, आणि तिच्यावर माहिती देणाऱ्या समाजाचे नाव व स्वामित्व स्पष्ट असावे. अरण्यलेखनाच्या पुढील समीक्षेनेही हीच कसोटी लावणे इष्ट ठरेल.