फ्रँकचा चेला

'रोबॉट अँड फ्रँक' (२०१२) हा जेक श्रायरचा पहिला चित्रपट. दीड तासाचा, छोटासा, आणि 'म्हाताऱ्याची रोबॉटशी गट्टी' एवढंच ऐकलं तर आपण स्क्रोल करून पुढे जाऊ असा. गोड-गोड असेल म्हणून मीही बरेच दिवस टाळला होता. तो तसा नाही. (पुढे शेवट फोडलाय, आधीच सांगते.)

फ्रँक (फ्रँक लँगेला) हा निवृत्त घरफोड्या. आठवणी विरत चालल्यात. दर आठवड्याला लांबून गाडी चालवत येऊन वैतागलेला त्याचा मुलगा हंटर एक रोबॉट आणून घरात सोडतो. आईबाबांच्या फोनमध्ये गोळ्यांचे अलार्म लावून शहरात परतणाऱ्या आपल्या पिढीला हंटर चांगलाच ओळखीचा वाटेल. फ्रँकला ते यंत्र डोळ्यांसमोर नको असतं. मग त्याच्या लक्षात येतं, की याला चोरीचा अर्थ माहीत आहे, पण चोरीबद्दल मत नाही. तो त्याला कुलपं उघडायला शिकवतो.

इथे चित्रपट मला आवडायला लागला. म्हाताऱ्यांसाठीची यंत्रं बहुतेक देणारी असतात. जेवण देणारी, औषध देणारी, नाहीतर जपानमधल्या 'पारो' या रोबॉट-सीलसारखी मांडीवर बसून धीर देणारी. फ्रँक मात्र सेवा करून घेताना माणसात येत नाही, शिकवताना येतो. घरात त्याच्याकडून काही शिकावंसं वाटणारं दुसरं कुणीच नाही. लँगेलाची पाठ ताठ होते, नजर धारदार होते. सगळा अभिनय तिथे आहे.

पण चेला नेमकं कुणाचं ऐकतो? २०१६ साली बर्कलीच्या डिलन हॅडफिल्ड-मेनेल, स्टुअर्ट रसेल आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. माणसासोबत काम करणाऱ्या यंत्राला आपलं उद्दिष्ट आधीपासून पक्कं माहीत नसावं. समोरच्याला काय हवंय याचा अंदाज त्यानं त्याच्या वागण्यावरून बांधत जावा. फ्रँकचा रोबॉट बरोबर उलटा. त्याचं उद्दिष्ट पक्कं आहे: फ्रँकची तब्येत. घरफोडीच्या आखणीनं म्हातारा तरतरीत राहतो ना? मग घरफोडी. बर्कलीचा रोबॉट इथे आणला तरी पेच सुटत नाही, कारण फ्रँकला खरोखरच चोरी करायची आहे. हंटरला ती नको आहे, आणि यंत्र आणलंय त्यानं.

मला चोरीपेक्षा एक खोटं जास्त खटकलं. तू सुधारला नाहीस तर मला परत पाठवतील, माझी स्मृती पुसतील, असं रोबॉट फ्रँकला सांगतो. फ्रँक हेलावतो. नंतर रोबॉटच शांतपणे कबूल करतो, की ते फक्त तुला तयार करण्यासाठी होतं, स्मृती पुसली तरी मला काही वाटत नाही. माणसाला ओळखायला शिकलेलं यंत्र त्याची दुखरी जागाही ओळखणारच. विसरत चाललेल्या माणसाला विसरण्याचीच भीती घालायची, यातलं क्रौर्य दिग्दर्शक अजिबात अधोरेखित करत नाही, हे फार बरं.

बाकी सगळं इतकं नेमकं नाही. रोबॉटविरोधी मुलगी मॅडिसन कथेच्या सोयीनं येते-जाते. वाचनालय 'नव्या जमान्याचं' करायला निघालेला श्रीमंत तरुण तर निव्वळ सोंग आहे. त्याला लुटताना प्रेक्षकाला टोचू नये म्हणूनच तो इतका चीड आणणारा केलाय. ही पळवाट मला पटली नाही.

शेवटी पोलीस मागे लागतात. पुरावा रोबॉटच्या स्मृतीत. पुसून टाक, असं तोच सांगतो. फ्रँक खूप अडखळतो, मग पुसतो, आणि यंत्र त्याच्या मिठीत कोसळतं. पहिल्या वेळी थाप होती ती गोष्ट आता खरोखर घडते, आणि फ्रँकच्या हातून घडते. हीदेखील त्याच्या भल्यासाठी केलेली आणखी एक खेळी होती का, हे चित्रपट सांगत नाही. पुढे फ्रँक ज्या केंद्रात राहायला जातो, तिथे हुबेहूब तसेच रोबॉट इतर म्हाताऱ्यांसोबत फिरताना दिसतात. तो त्यांच्याकडे बघत राहतो.