शिकविणाऱ्यांचे शिक्षण

ज्या ग्रंथाचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत तो नवा नव्हे. मार्था नुसबॉम यांचा 'कल्टिव्हेटिंग ह्यूमॅनिटी' हा ग्रंथ हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९९७ साली प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात अन्य संस्कृती, कृष्णवर्णीयांचा इतिहास, स्त्रियांचे जीवन या विषयांना स्थान असावे की नसावे, यावर त्या काळी अमेरिकेत कडाक्याचा वाद चालू होता. त्यात नुसबॉमबाईंनी सुधारणेच्या बाजूने ही लेखणी उचलली. इतक्या वर्षांनी तो पुन्हा हाती घेण्याचे कारण आमच्या दाराशीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून 'विविधता' आणि 'समन्वय' हे दोन शब्द शिक्षणसंस्थांच्या पत्रकांतून वारंवार भेटू लागले आहेत, आणि ईश्वरविद्येच्या शाळाही त्याला अपवाद नाहीत. शब्द चांगले आहेत. त्यांचा भार कोणी उचलावयाचा हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. या ग्रंथात तो विचारलेला आहे, आणि म्हणूनच पाळकांनी व धर्मशिक्षकांनी तो वाचावा असे आम्हांस वाटते.

ग्रंथाचे शीर्षक रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याच्या क्रोधविषयक प्रबंधातील शब्दांवरून घेतलेले आहे. शिक्षणाने माणसाच्या ठायी तीन शक्ती जागृत व्हाव्यात असे ग्रंथकर्त्रीचे प्रतिपादन आहे. सॉक्रेटिसाप्रमाणे स्वतःच्या समजुती तपासून पाहणे ही पहिली, आपण केवळ आपल्या गावाचे किंवा गटाचे नसून सर्व मानवजातीचे नागरिक आहोत हे ओळखणे ही दुसरी, आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याची कथा समजून घेण्याची कल्पनाशक्ती ही तिसरी. या तत्त्वचर्चेत नवे फारसे नाही. ग्रंथाचे बळ आहे ते प्रत्यक्ष वर्गांच्या वर्णनांत. आरंभीच एका व्यापारी महाविद्यालयातील एकोणीस वर्षांचा विद्यार्थी भेटतो. मूळच्या कलकत्त्याच्या एका अध्यापिकेच्या वर्गात तो देहान्तशिक्षेच्या विरुद्ध बाजू मांडावयास उभा राहतो; वस्तुतः त्याचे स्वतःचे मत त्या शिक्षेस अनुकूल असते. आपल्याला न पटणारी बाजूही प्रामाणिकपणे मांडता येते, याचे त्या मुलाला वाटलेले आश्चर्य बाईंनी हलक्या हाताने टिपले आहे.

परंतु आमच्या दृष्टीने ग्रंथाचा गाभा सेंट लॉरेन्स विद्यापीठाच्या हकिकतीत आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाकडील कँटन नावाच्या गावी हे छोटेसे विद्यापीठ आहे. १८५६ साली युनिव्हर्सलिस्ट पंथाच्या लोकांनी ते स्थापिले तेव्हा ईश्वरविद्येची शाळा हे त्याचे एक मुख्य अंग होते. ती शाळा १९६५ साली बंद पडली. (दुसऱ्याच्या श्रद्धेविषयीची जिज्ञासा पुढे त्याच आवारात निराळ्या दाराने परत यावी, ही गंमत बाईंनी नोंदविलेली नाही.) येथे तत्त्वज्ञानाचे एक व इंग्रजी वाङ्मयाचे एक अशा दोन तरुण अध्यापकांच्या पुढाकाराने निरनिराळ्या विभागांतील अध्यापकांचा गट जमला, आणि विविध संस्कृतींच्या परस्परसंबंधांचा एक अभ्यासक्रम उभा राहिला. त्यांनी प्रथम केले काय, तर ते स्वतः विद्यार्थी झाले. आपल्या विषयाबाहेरचे ग्रंथ त्यांनी एकत्र बसून वाचले, त्यांवर वाद घातला, आणि परक्या प्रदेशात जाऊन काही काळ वास्तव्य केले. आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत 'फॅकल्टी फेलो' या नावाची जी योजना आढळते तिचे मर्म हेच आहे. अध्यापकाला त्याच्या नित्याच्या तासांपैकी काही तासांतून मोकळे करावयाचे, त्या अवकाशात त्याने आपला पाठ्यक्रम नव्याने बांधावयाचा व सहकाऱ्यांनाही त्या कामी साह्य करावयाचे.

आमच्याकडे हे उलट चालते. आमच्या विद्यार्थिदशेत एका ईश्वरविद्यालयात 'इतर धर्म' या नावाची एक प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमात घालण्यात आली. ती शिकविण्याचे काम ज्यांच्या अंगावर आले ते गुरुजी सज्जन होते. त्यांचा मूळ विषय हिब्रू. त्यांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून टिपणे काढली आणि वर्षभर ती आम्हांस सांगून लिहवून घेतली. आषाढात वर्गाच्या खिडकीखालून दिंडी गेली तेव्हा आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावून घेण्यात आली. आम्ही त्या प्रश्नपत्रिकेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालो.

नुसबॉमबाईंनी परक्या संस्कृतीचे वर्णन करणाऱ्यांच्या हातून होणारे दोष मोठ्या मार्मिकतेने वेगळे केले आहेत. त्यांपैकी दोन आमच्या लोकांनी ध्यानात घेण्याजोगे आहेत. दुसऱ्याला आपल्याच आरशात पाहणे, म्हणजे तो आपल्यासारखाच असल्याचे गृहीत धरणे, हा एक. आणि तो सर्वस्वी निराळा, गूढ, आपल्याशी काहीही समान नसलेला आहे असे मानणे हा दुसरा. हिंदुस्थान म्हणजे केवळ अध्यात्म, अशी जी समजूत पश्चिमेकडे आहे तीत या देशातील तर्कशास्त्र, गणित व वादपरंपरा यांचा विसर पडतो, हा अमर्त्य सेन यांचा आक्षेप बाई मान्य करतात.

पहिला दोष आमच्या व्यासपीठावरून आम्ही किती वेळा ऐकला असेल! रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा आशयाचे उद्गार काढले होते, ते मराठी ख्रिस्ती समाजात सर्वांना ठाऊक आहेत. टिळकांना ते बोलण्याचा अधिकार होता. तुकोबांच्या अभंगवाणीत ते मुरलेले होते, आणि त्यांच्या भजनांच्या चालीत ती मुरवणूक ऐकू येते. परंतु ज्याने गाथा उघडून पाहिलेली नाही असा उपदेशक जेव्हा हा उद्गार उसना घेतो, तेव्हा तुकोबा म्हणजे आपल्याच घराकडे येणारी एक वाट, एवढेच त्याला म्हणावयाचे असते. वारकऱ्याच्या लेखी तुकोबा वाट नव्हेत, ते त्याचे घर आहे. शेजाऱ्याच्या घराला आपला रस्ता म्हणणे आम्हांस असभ्यपणाचे वाटते. ईश्वरविद्येच्या दृष्टीनेही त्याने काही साधत नाही, कारण त्यामुळे तुकोबांचे जे म्हणणे आपल्याशी जुळत नाही ते आपल्या कानी पडतच नाही.

ग्रंथाचे अखेरचे प्रकरण धर्मसंस्थांच्या विद्यापीठांविषयी आहे, आणि येथे आमचा काही मतभेद आहे. बाई ख्रिस्ती एपिस्कोपल कुटुंबात वाढल्या व पुढे त्यांनी यहुदी धर्म स्वीकारला. धर्माविषयी त्यांना अनास्था नाही. अशा विद्यापीठावर दोन कर्तव्ये आहेत असे त्या म्हणतात: बहुविध समाजात उच्च शिक्षण देणे, आणि आपली परंपरा पुढे चालविणे. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाने दोहोंचा मेळ बऱ्याच अंशी घातला आहे, तर मॉर्मन पंथाचे ब्रिगम यंग विद्यापीठ त्यात कमी पडले, असा त्यांचा निर्णय आहे. १९९३ साली ब्रिगम यंगने इंग्रजीच्या एका अध्यापिकेस व मानववंशशास्त्राच्या एका अध्यापकास सेवेत कायम करण्याचे नाकारले होते. पुढे १९९८ साली अमेरिकेतील विद्यापीठीय अध्यापकांच्या संघटनेने अध्यापनस्वातंत्र्याच्या प्रश्नावरून त्या विद्यापीठाविरुद्ध निषेधाचा ठराव केला. या निवाड्याशी आम्ही सहमत आहोत. आमच्याकडे अशा प्रसंगी नकाराचे पत्रही येत नाही. बदलीचा हुकूम येतो, आणि ज्याने वर्गात नको तो प्रश्न काढला तो चार महिन्यांत दूरच्या एखाद्या मंडळीत नामकरण विधी करीत असतो.

मतभेद आहे तो मापाविषयी. आत्मपरीक्षण म्हटले की बाईंपुढे सॉक्रेटिस उभा राहतो, आणि परंपरेची परीक्षा युक्तिवादानेच व्हावी असा त्यांचा कल दिसतो. परंतु मनुष्य आपल्या समजुती केवळ वादातच तपासीत नाही. पापांगीकाराच्या प्रार्थनेत गुडघे टेकलेला मनुष्यही स्वतःची तपासणी करीत असतो, आणि ज्या स्तोत्रकर्त्याने देवाला 'कोठवर' असा प्रश्न केला तो परंपरेच्या आत उभा राहूनच तिला जाब विचारीत होता. हे बाई नाकारीत नाहीत. त्यावर थांबतही नाहीत. त्यामुळे धार्मिक विद्यापीठाचे त्यांनी केलेले मोजमाप बाहेरून घेतलेल्या अंगरख्याच्या मापासारखे झाले आहे. अंगाला बसते, पण खांद्यात ताणते.

दुसरी उणीव अधिक व्यवहाराची आहे. सेंट लॉरेन्सचे अध्यापक परदेशी गेले, शिकले, परत आले. ज्यांनी त्यांना तेथे शिकविले ती माणसे या हकिकतीत फारशी दिसत नाहीत. या बाबतीत आमचा स्वतःचा इतिहास आठवावासा वाटतो. केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ साली श्रीरामपूर येथे महाविद्यालय स्थापिले तेव्हा ते ख्रिस्ती व अन्य अशा दोन्ही तरुणांसाठी होते, आणि पौर्वात्य वाङ्मय व पाश्चात्त्य शास्त्रे ही दोन्ही तेथे शिकविली जावीत असा संकल्प होता. असा संकल्प सुचण्यापूर्वी केरी अनेक वर्षे पंडितांपुढे विद्यार्थी म्हणून बसलेले होते. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, त्यामागे पंडित वैजनाथ शर्मा यांचे साह्य होते. मिशनरी शिकला, हे आम्ही सांगतो. ब्राह्मण पंडिताने त्याला शिकविले, हे सांगावयाचे राहून जाते.

बेळगावच्या धर्मशिक्षकाला कीर्तनकाराकडे किंवा कन्नड वचनांच्या जाणकाराकडे, हैदराबादच्या पाळकाला शेजारच्या मौलवीकडे जाऊन बसण्यास परदेशगमनाचे अनुदान लागत नाही. लागतात ते आठवड्याचे काही तास, आणि त्या तासांत त्याच्यावर दुसरे काम नाही अशी लेखी कबुली. चार मंडळ्यांची उपासना, शाळेचा हिशेब आणि अंत्यविधी यांतून हे तास कोठून काढावयाचे, याचे उत्तर नुसबॉमबाईंच्या ग्रंथात नाही; नव्या अभ्यासक्रमाचे जे मसुदे आमच्या पाहण्यात आले त्यांतही ते अद्याप आम्हांस आढळलेले नाही.