द्विमितीय संगणकीय ॲनिमेशनमधील चतुष्पाद पात्रांची सांगाडा-रचना : एक चिकित्सा

प्रास्ताविक
ॲनिमेशनपटांची समीक्षा करताना कथा, रेखाटन, रंग व संगीत यांचा विचार होतो. परंतु चित्रामागे दडलेल्या सांगाड्याची दखल क्वचितच घेतली जाते. द्विमितीय संगणकीय ॲनिमेशनमध्ये पात्राचे अवयव वेगवेगळ्या थरांवर काढून त्यांना आभासी हाडांनी व सांध्यांनी जोडले जाते. या प्रक्रियेस ‘रिगिंग’ असे म्हणतात. सांगाडा ठरला की पात्राला कोणत्या हालचाली शक्य आहेत हेही ठरून जाते. म्हणूनच रिगिंग हे निव्वळ तांत्रिक काम नसून प्राण्याच्या देहाचा लावलेला अर्थ होय, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

पूर्वपरंपरा
एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली. चारही खूर जमिनीपासून सुटतात ते पाय पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना, हे त्यांतून सिद्ध झाले आणि चित्रकारांचा जुना संकेत खोटा ठरला. लोटे रायनिगर यांनी १९२६ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अखमेद’ या चित्रपटासाठी पुठ्ठा व शिशाचे पातळ पत्रे कापून सांधेजोड छायाकृती केल्या. आजच्या रिगची ती पूर्वजच होय. भेद इतकाच, की रायनिगर प्रत्येक चौकटीसाठी आकृती हाताने हलवीत. संगणक मात्र दोन ठरावीक अवस्थांमधील चौकटी स्वतः भरतो. त्यामुळे सांगाड्यातील चूक त्या सर्व चौकटींत उतरते.

रचनेतील मुख्य दोष
चतुष्पाद म्हणजे ओणवा झालेला माणूस, असे गृहीत धरणे हा मूळ दोष होय. घोड्याच्या मागच्या पायात मध्यभागी मागे वळलेला दिसणारा सांधा गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. पुढच्या पायाचा ‘गुडघा’ वस्तुतः मनगट होय. घोड्याला जत्रुकास्थी नसल्याने खांद्याचे पसरट हाड केवळ स्नायूंच्या आधाराने बरगड्यांवर सरकते. ते धडाला खिळ्यासारखे ठोकले, तर चाल लाकडी होते.

दुसरी अडचण गणिती आहे. पाऊल जमिनीवर रोवले असता वरचे सांधे आपोआप वळावेत यासाठी ‘इन्व्हर्स किनेमॅटिक्स’ ही पद्धत वापरतात. मांडी व पोटरी या दोन खंडांसाठी, वाकण्याची दिशा ठरली की, उत्तर एकच येते. घोट्याखालचा लांब खंड तिसरा म्हणून जोडला की उत्तरे असंख्य होतात आणि पाय झटके खाऊ लागतो. याचे उत्तर शरीररचनेतच आहे. घोड्याचा गुडघा व घोटा एकत्रच दुमडतात. म्हणून मांडी व तिसरा खंड साधारण समांतर राहतील असे बंधन घातल्यास हालचाल स्थिर होते.

कण्याचेही तसेच. चित्त्याची दौड कण्याच्या आकुंचन-प्रसरणावर उभी असते, तर घोड्याचा कणा तुलनेने ताठ असतो. दोघांना एकच तयार साचा लावल्यास दोघांचेही वैशिष्ट्य लोपते. चालीचा वेग वाढवून दौड होत नाही : चालताना मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा क्रम असतो, दुडकीत तिरप्या जोड्या एकत्र पडतात.

एक आक्षेप
व्यंगचित्रात्मक पात्राला शरीररचनेचे बंधन कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः ग्राह्य आहे. अतिशयोक्ती हा या कलेचा प्राणच आहे. तथापि १९४२ च्या ‘बॅम्बी’साठी डिस्नेच्या चित्रकारांनी जिवंत पाडसांचा अभ्यास केला व रिको लब्रन यांच्याकडून प्राणिशरीररचनेचे धडे घेतले. त्यातील हरिणे मानवी भाव व्यक्त करतात, तरी त्यांचे पाय हरिणाचेच राहतात. अतिशयोक्तीलाही मूळ वस्तूचे ज्ञान लागते. उलटपक्षी, हाडांची संख्या वाढविल्याने रिग सरस ठरत नाही. बाजूने पाहण्यासाठी रचलेला सांगाडा पात्र समोर वळताच निरुपयोगी होतो व तेथे नवे रेखाटनच करावे लागते.

समारोप
चतुष्पाद पात्राच्या रिगचे मूल्यमापन सांध्यांच्या सफाईवरून नव्हे, तर त्या प्राण्याची चाल ओळखू येते की नाही यावरून व्हावे. अध्यापनातही संगणकप्रणालीच्या आधी प्राण्याचे निरीक्षण व रेखाटन यावे. अन्यथा तयार साच्यांतून घोडा, कुत्रा व वाघ एकाच पावलांनी चालत राहतील.