राष्ट्रगीतापाशी संपणारे सामने

‘दंगल’च्या शेवटी महावीरसिंग फोगट एका खोलीत कोंडलेले असतात. मुलगी गीता हिची अंतिम कुस्ती त्यांना दिसत नाही. राष्ट्रगीताचे सूर कानावर पडतात आणि ती जिंकल्याचे त्यांना कळते. हा चित्रपट २३ डिसेंबर २०१६ रोजी लागला. त्याच्या तीनच आठवडे आधी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत खेळाआधी राष्ट्रगीत सक्तीचे केले होते. पडद्यावर ते कथेचा भाग म्हणून वाजले तर उभे राहण्याची गरज नाही, असा खुलासा न्यायालयाला फेब्रुवारी २०१७ मध्ये करावा लागला.

प्रत्यक्षात २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीताने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला सहज हरवले होते आणि महावीरना कोणीही कोंडले नव्हते. पटकथेला चुरस हवी, याला माझी हरकत नाही. हरकत आहे खलनायकाच्या निवडीला. आपल्या खेळाडूंचे खरे भांडण संघटना, निवड समित्या आणि सरकारी अनास्था यांच्याशी असते. ‘दंगल’मध्ये मॅटसाठी पैसे नाकारणारा अधिकारी सुरुवातीला दिसतो खरा, पण शेवटी सगळा राग एका मत्सरी प्रशिक्षकावर निघतो आणि व्यवस्था अलगद सुटते. पुढे २८ मे २०२३ रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, गीताची सख्खी बहीण संगीता आणि चुलत बहीण विनेश यांना दिल्ली पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर त्यांचा लैंगिक छळाचा आरोप होता. त्यांच्या हातात तिरंगा होता. या कुस्तीवर मुख्य धारेतला चित्रपट काढायला कोण धजावेल?

हा साचा ‘दंगल’पुरता नाही. ‘चक दे! इंडिया’ (२००७) मला आजही आवडतो, पण त्यातली एक गोष्ट खुपते. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धेत हॉकीत पाकिस्तानकडून १-७ अशी हार झाल्यावर ज्याच्यावर फितुरीचा संशय घेतला गेला, तो गोलरक्षक मीररंजन नेगी हिंदू होता. चित्रपटाने त्याचा कबीर खान केला. त्यामुळे मुसलमान खेळाडूच्या वाट्याला येणारा संशय पडद्यावर आला, ही मोठी गोष्ट. पण तो संशय पुसला जातो प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकल्यावर. कबीरचा संघ हरला असता तर?

‘मेरी कोम’मध्ये (२०१४) मेरीची भूमिका मणिपुरी अभिनेत्रीला मिळाली नाही. चित्रीकरण बरेचसे हिमाचलमध्ये झाले आणि फुटीरतावाद्यांच्या बंदीमुळे २००० पासून मणिपुरात हिंदी चित्रपट लागतच नव्हते, म्हणून तो खुद्द तिच्या राज्यात दाखवला गेला नाही. शेवट अर्थातच राष्ट्रगीताने. ‘भाग मिल्खा भाग’ रोमच्या पराभवापासून सुरू होऊन लाहोरच्या विजयापर्यंत जातो. ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक पाकिस्तानात जिंकून भरून निघतो, असा त्याचा हिशेब.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांवरचा ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) वेगळी वाट धरेल असे वाटले होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणतो आणि विसरला जातो. चित्रपटातला म्हातारा मुरली अर्जुन पुरस्कारासाठी थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात येतो. जबरदस्त सुरुवात! पण पद्मश्री मिळते आणि तक्रार मिटते. चार दशके त्यांना कोण विसरले, याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

असा जाब विचारणारे चित्रपट आहेत. तिग्मांशू धुलियाचा ‘पानसिंग तोमर’ देशासाठी धावलेल्या सैनिकाला चंबळच्या खोऱ्यात बंडखोर होऊन मरताना दाखवतो. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ (२०२२) मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल विश्वचषकापर्यंत जायला निघतो आणि मंजुळे कॅमेरा मैदानावरून काढून कागदपत्रांच्या रांगेत नेतात. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करणारा एक कागद मिळवण्यासाठी मुलगी आणि तिचा बाप वणवण फिरतात. ही दृश्ये लांबतात, कंटाळा आणतात, आणि तो कंटाळा योग्यच आहे. देशासाठी खेळायचे तर आधी देशाने तुम्हाला आपले म्हणावे लागते, हे इथे कोणी भाषणात सांगत नाही. खिडकीवरून परत पाठवलेल्या त्या बापलेकीकडे पाहून ते समजते.