शिफारस आणि समीक्षा : ओटीटी मंचांच्या निमित्ताने काही विचार

१

‘हे पाहा’ किंवा ‘हे वाचा’ असे कोणी कोणास सांगणे ही समीक्षेची सर्वांत प्राथमिक आणि सर्वांत दुर्लक्षित कृती आहे. विद्यापीठीय समीक्षेने ती वृत्तपत्रीय परीक्षणाच्या खात्यावर टाकली आणि स्वतःकडे विश्लेषण, अर्थनिर्णयन व सिद्धांतन ही अधिक प्रतिष्ठित कामे ठेवली. शिफारस ही जणू समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरची गोष्ट. आज मात्र ही उंबरठ्याबाहेरची गोष्ट एका यंत्रणेने जवळजवळ पूर्णतः आपल्या ताब्यात घेतली आहे. चित्रपट व मालिका घरपोच दाखविणारे ओटीटी मंच प्रत्येक प्रेक्षकापुढे त्याच्यासाठी ‘निवडलेली’ यादी ठेवतात. ही यादी कोणी केली, कशाच्या आधारे केली, हे प्रेक्षक सहसा विचारीत नाही. नेटफ्लिक्सच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्या मंचावरील पाहण्याच्या एकूण तासांपैकी सुमारे ८० टक्के तास शिफारशींच्या प्रभावातून येतात. एखाद्या समीक्षकाच्या वाट्याला आपल्या हयातीत असा प्रभाव येणे अशक्य.

प्रस्तुत लेखाचा हेतू यंत्राची निंदा करणे हा नाही. शिफारस यंत्राकडे गेल्यानंतर तिच्यातून नेमके काय वजा होते आणि जे वजा होते ते समीक्षेचे सत्त्व आहे की केवळ तिचा अहंकार, हा येथील प्रश्न आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या अभिरुचीची घडण ग्रंथालयाइतकीच, किंबहुना अधिक, त्याच्या हातातील मोबाईलवर होत आहे.

२

यंत्राच्या शिफारशीचे तर्कशास्त्र प्रथम समजून घ्यावयास हवे. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये एक स्पर्धा जाहीर केली. कंपनीच्या तत्कालीन पद्धतीपेक्षा दहा टक्के अधिक अचूकपणे प्रेक्षकाची पसंती वर्तवू शकणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक होते. स्पर्धकांना सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली दहा कोटींहून अधिक गुणांकने पुरविण्यात आली. २००९ मध्ये पारितोषिक दिले गेले. येथे यशाची व्याख्या ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्रपट चांगला आहे काय, हा प्रश्न त्या व्याख्येत कोठेच नव्हता. अमुक प्रेक्षक अमुक चित्रपटास किती तारे देईल, एवढेच ओळखावयाचे होते. त्यासाठी चित्रपट पाहण्याचीही गरज नव्हती. कोणाची आवड कोणाशी जुळते, याचे गणित पुरेसे होते.

या स्पर्धेत एका चित्रपटाने गणितज्ञांना विशेष छळले. ‘नेपोलियन डायनामाइट’ (२००४) हा तो चित्रपट. ज्यांच्या इतर सर्व आवडी जुळत होत्या अशा प्रेक्षकांचेही या चित्रपटाबाबत टोकाचे मतभेद होत. कोणी त्यास पाच तारे देई, कोणी एक. गणिताच्या दृष्टीने हा दोष होता. समीक्षेच्या दृष्टीने मात्र हीच सुरुवात आहे. समान अभिरुचीची दोन माणसे एकाच कलाकृतीपाशी येऊन परस्परविरुद्ध दिशांना जातात, तेव्हा त्या कलाकृतीत आणि त्या माणसांत काहीतरी विचारण्याजोगे आहे असे समीक्षक मानतो. यंत्र ज्यास चूक म्हणून कमी करू पाहते, त्याला समीक्षा आपला विषय समजते.

दुसरा तपशील २०१७ मधील आहे. त्या वर्षी नेटफ्लिक्सने तारे देण्याची पद्धत बंद करून अंगठा वर किंवा खाली करण्याची पद्धत आणली. प्रेक्षक गंभीर माहितीपटास पाच तारे देतात, हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटास तीन देतात, पण प्रत्यक्षात वारंवार पाहतात तो विनोदी चित्रपटच, असे स्पष्टीकरण कंपनीकडून त्या वेळी देण्यात आले. याचा अर्थ प्रेक्षकाजवळ दोन निराळ्या गोष्टी होत्या : एक त्याचा निर्णय आणि दुसरे त्याचे वर्तन. कंपनीने वर्तनास प्रमाण मानले. व्यवसायाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. परंतु सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक जुना भेद नव्या वेषात भेटतो.

३

तो भेद कांटचा आहे आणि रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे मराठी अभ्यासकाच्या परिचयाचा आहे. एखादी गोष्ट मला सुखद वाटते असे मी म्हणतो, तेव्हा माझे विधान माझ्यापुरते असते. दुसऱ्यास ती सुखद वाटली नाही तर त्यात वादाचे कारण नाही. ‘हे सुंदर आहे’ असे मी म्हणतो, तेव्हा मात्र मी इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. ही संमती मला नियमाने सिद्ध करता येत नाही. तरीही ती मागितल्यावाचून माझे विधान पुरे होत नाही. यंत्राची शिफारस पहिल्या प्रकारच्या विधानाचे विलक्षण कुशल संघटन आहे. दुसऱ्या प्रकारचे विधान तिला करताच येत नाही, कारण ती कोणाची संमती मागतच नाही.

मराठीतील ‘कारण’ या शब्दाच्या द्व्यर्थीपणाचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. ‘कारण’ म्हणजे ज्यामुळे एखादी घटना घडली ते, आणि ‘कारण’ म्हणजे एखाद्या मतासाठी दिलेला आधारही. ‘तुम्ही अमुक पाहिले म्हणून हे पाहा’ असे यंत्र सांगते, तेव्हा ‘म्हणून’ हा शब्द पहिल्या अर्थी येतो. माझ्या पूर्ववर्तनातून ही यादी निपजली, एवढेच तो सांगतो. समीक्षकाचे ‘म्हणून’ दुसऱ्या अर्थाचे असते. ते समर्थन असते. समर्थन नाकारता येते, त्यावर प्रश्न विचारता येतात, ते अपुरे ठरविता येते. निपजेशी वाद घालता येत नाही. पाऊस का पडला हे सांगता येते, पण पावसास त्याच्या भूमिकेचा जाब विचारता येत नाही.

आपल्या काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संकल्पनाही या संदर्भात पुन्हा तपासावी लागते. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन निर्मळ झाले आहे, जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो अभिनवगुप्ताच्या मते सहृदय. म्हणजे सहृदयता ही जन्मसिद्ध आवड नसून घडण आहे. यंत्र मात्र माझी आवड आधीच तयार आहे असे गृहीत धरते आणि तिला साजेसे वाढत राहते. सहृदयास वाढू देणे हा त्याच्या गणिताचा हेतू नसतो.

४

हे विवेचन अमूर्त राहू नये म्हणून दोन चित्रपटांचा विचार करू. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि २०१५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. एका शाहिराच्या गाण्यामुळे गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, या आरोपावरील खटल्याची ही कथा. कोणत्याही वर्गीकरणात हा ‘न्यायालयीन नाट्य’ ठरेल आणि त्या प्रकारच्या चाहत्यास दाखविला जाईल. पण या प्रकाराकडून जी अपेक्षा असते, तीच हा चित्रपट हेतुतः अपुरी ठेवतो. यात निर्णायक उलटतपासणी नाही, अखेरचे ओजस्वी भाषण नाही. तारखा पडतात, कलमे वाचली जातात, वकील घरी जातात, भाजी घेतात, जेवतात. शेवटी न्यायालयास सुटी लागते आणि कॅमेरा न्यायाधीशांच्या मागे सहलीस जातो. न्यायालयीन नाट्याच्या चाहत्याने तो मध्येच बंद केला, तर यंत्र त्यावरून ‘हा चित्रपट या प्रेक्षकासाठी नाही’ असे शिकेल. समीक्षकाची शिफारस येथे उलट्या दिशेने काम करते. या चित्रपटात तुम्हास कंटाळा येईल, आणि तो कंटाळा कोणाच्या आयुष्याची किती वर्षे खातो ते पाहा, असे ती सांगते. ती प्रेक्षकाची अपेक्षा पुरवीत नाही, बदलते.

ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. या चित्रपटाचा आशयच आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. शरद नेरुळकर हा हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी माई या गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकत रात्री मुंबईच्या रस्त्यांवरून दुचाकी चालवितो. श्रेष्ठ काय आणि क्षुद्र काय हे त्याला त्या आवाजाने सांगितलेले आहे. पुढे एक जुना संग्राहक या श्रद्धास्थानांबद्दल असे काही बोलतो की शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. आणि हाच शरद आपल्या गायनाच्या चित्रफितीखालील अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचीत बसतो. एकीकडे ज्यास प्रश्न विचारता येत नाही असा गुरुपरंपरेचा अधिकार आणि दुसरीकडे ज्यास चेहरा नाही असा गर्दीचा कौल. या दोहोंमध्ये कारणे देणारा आणि कारणे ऐकून घेणारा मधला आवाज शरदला मिळत नाही. त्याची शोकांतिका केवळ प्रतिभेच्या अभावाची नाही, या मधल्या आवाजाच्या अभावाचीही आहे. समीक्षेची जागा तीच आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

५

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. समीक्षकाची शिफारस जबाबदार असते हे मान्य केले, तरी ती कोणाची होती? चित्रपट-आस्वादाची चळवळ प्रामुख्याने शहरांत वाढली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात उभे राहिले, प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झाले. त्यांचे ऋण मोठे आहे, पण अक्राणी तालुक्यातील विद्यार्थ्यापर्यंत त्यांचा आवाज पोहोचण्याचा मार्ग नव्हता. मोबाईल मात्र पोहोचला. खान्देशी बोलीत, हिंदी-अहिराणीच्या मिश्रणात केलेल्या विनोदी चित्रफितींना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळाले ते कोणा समीक्षकाच्या शिफारशीने नव्हे. मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) केला तेव्हा त्याची दखल घेण्याजोगी भाषा मराठी चित्रपटसमीक्षेजवळ नव्हती. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटाने आणि पुढे रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ने (भारतात प्रदर्शन २०२५) ती खटपट बाहेरच्या जगाला दाखविली. यंत्र निदान कोणाच्या भाषेस नाक मुरडत नाही, असे आक्षेपक म्हणू शकेल.

हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. शहादा परिसरातील कवी वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत मंचावर बसलेल्यांनी आदिवासींना त्यांचेच दुःख सांगण्यातील विसंगती उघड केली, ती समीक्षकासही लागू आहे. शिफारस करणारा मंचावर असतो आणि ऐकणारा खाली, हे नाते नीट न तपासता जुनी शिफारस श्रेष्ठ ठरविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु यंत्राची समता ही मोजणीची समता आहे, आणि मोजणीत जे पुरेसे मोठे नाही ते अदृश्य होते. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्याच जनगणनेत देशातील भिली भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. तरीही भिली, पावरी, मावची यांना मोठ्या मंचांच्या भाषा-यादीत आजवर जागा मिळालेली नाही. ज्या भाषेत चित्रपटच नाहीत, तिचा प्रेक्षक यंत्राच्या दृष्टीने दुसऱ्या कोणत्या तरी भाषेचा प्रेक्षक असतो. मराठीचा किंवा हिंदीचा म्हणून त्याची नोंद होते आणि त्याच्या पूर्ववर्तनावरून त्याला अधिकाधिक तेच मिळत राहते. त्याने जे कधी पाहिलेच नाही, त्याची उणीव यंत्रास कळणे शक्य नाही. अभाव मोजला जात नाही.

सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. या खोऱ्यातील लढ्यावर आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांनी ‘ए नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपट केला. नंदुरबारच्या विद्यार्थ्याने तो पाहावा अशी शिफारस मी करतो. त्याने यापूर्वी तत्सम काही पाहिले आहे, हा माझा आधार नाही. हा त्याच्या परिसराचा इतिहास आहे आणि तो दुसऱ्या कोणी कॅमेऱ्याने लिहिला आहे. तो लिहिताना कोण बोलते, कोण दिसते पण बोलत नाही, आणि डोंगरातील भाषा पडद्यावर कशी उतरते, हे ओळखण्याचा अधिकार सर्वांत अधिक त्याचा आहे. या शिफारशीत मी त्याची संमती मागतो आणि त्याचा नकारही ऐकून घेण्यास बांधील राहतो. त्याने मला सांगावे की हा माहितीपट त्याच्या आजीच्या आठवणीशी जुळत नाही. त्या क्षणी शिफारस संपते आणि समीक्षा सुरू होते. मंच आणि खालची बैठक यांतील अंतर कमी होण्याचा याहून वेगळा मार्ग मला दिसत नाही.

६

यावरून शिफारशीस समीक्षात्मक कृती म्हणता येण्यासाठी तीन अटी सांगता येतील. ती कोणी केली हे ठाऊक असावे. तिच्यासोबत समर्थन असावे. आणि ऐकणाऱ्यास तिच्याशी वाद घालता यावा. यंत्राच्या यादीत या तिन्हींपैकी एकही पुरी होत नाही, आणि मंचावरून केलेल्या जुन्या शिफारशीत तिसरी क्वचितच पुरी होई. म्हणून यंत्राविरुद्ध परंपरेची बाजू घेणे पुरेसे नाही.

खान्देशात या कृतीची एक चांगली परंपरा आहे. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून चालविलेल्या ‘कवितारती’ने मोठ्या शहराच्या अनुमतीवाचून कवितेची निवड केली आणि त्या निवडीची जबाबदारी घेतली. चित्रपटाच्या बाबतीत ते काम आता वर्गांतून व्हावयास हवे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने एका चित्रपटाची किंवा मालिकेची एक पानी शिफारस लिहावी, ती त्याच्या गावातील एखाद्या व्यक्तीस उद्देशून असावी, जमल्यास त्याच्या घरच्या बोलीत असावी, आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने तिला लेखी उत्तर द्यावे, एवढा छोटा उपक्रमही पुरेसा आहे. ‘मला आवडले’ येथून ‘तू हे पाहावेस, कारण…’ येथपर्यंतचे अंतर त्या एका पानात कापावे लागेल. सिद्धांताचे अध्यापन त्यानंतर अधिक सुकर होईल, कारण कांट व अभिनवगुप्त कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधीत होते हे विद्यार्थ्यास तोवर स्वतःच्या अनुभवातून कळलेले असेल.