कातड्याच्या जागी रबर

मुंबईतील चित्रकार सुधीर राजभर यांच्या ‘चमार स्टुडिओ’ची केवळ फॅशनची बातमी म्हणून वासलात लावणे योग्य नाही. तो जातीच्या धंद्यावर केलेला प्रयोग आहे; तेव्हा त्याची चिकित्साही त्याच अंगाने झाली पाहिजे.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने आली. २०१५ साली ती बैल व वळूंनाही लागू झाली. म्हैस बंदीबाहेर राहिली. परंतु दहशत कायद्याची कलमे वाचून थांबत नसते. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना झालेल्या मारहाणीने हे दाखवून दिले. धारावीतील चर्मकारांचे काम बसले, तेव्हा राजभरांनी त्यांच्या हाती टाकाऊ रबरापासून पुन्हा तयार केलेले रबर दिले. कापण्या-शिवण्याची विद्या तीच राहिली आणि त्यातून पिशव्या झाल्या. त्यांना नाव मात्र ‘चमार’. अपमानाच्या हेतूने हा शब्द उच्चारणे गुन्हा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. तोच शब्द येथे अभिमानाने मिरविला जातो.

हे धाडस मला मोलाचे वाटते. रबराला कोणी विटाळ मानीत नाही. पण ते शिवणाऱ्याची जात मात्र सुटत नाही. म्हणजे विटाळ कातड्यात कधीच नव्हता.

तथापि, माल बदलला म्हणजे माणूस सुटला, असे नव्हे. आमच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात ढोराने कमावलेल्या कातड्याची मोट चांभार शिवीत असे आणि बलुत्यावर राबत असे. पुढे लोखंडी मोट आली, मग इंजिने व विजेचे पंप आले. ऊस वाढला, पण मोट शिवणाऱ्याला ना पंपात वाटा मिळाला, ना पाण्यात. याच जिल्ह्यातील दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनास ‘बलुतं’ हे नाव दिले, त्यामागे ही सारी व्यवस्था उभी आहे. राबणारा आपला, मोल ठरविणारा दुसरा.

बाबासाहेबांनी जातीने लादलेली कामे सोडावयास सांगितले. राजभर धंदा सोडीत नाहीत, त्याची प्रतिष्ठा मागतात. हा अंतर्विरोध झाकण्याचे कारण नाही. कारागिराला मोल ठरविण्याचा अधिकार मिळावा, आकृतीवर त्याचे नाव यावे आणि त्याच्या मुलाला हे काम नाकारण्याची मोकळीक असावी. या तीन अटी पुऱ्या झाल्या, तर तो धंदा राहील, जात उरणार नाही. नाहीतर रबराचेही बलुतेच होईल.