अनुभवाचे प्रमाण : गुरुदेव रानडे यांचे संतचिंतन



कीर्तनात आपण सिद्धांत मांडतो, दृष्टांत देतो आणि संतवचनाचे प्रमाण देतो. टाळकऱ्यांनी ते प्रमाण उचलले की मुद्दा सिद्ध झाला, असे धरून पुढे जातो. शास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात. पण ज्या संताचे ते वचन, त्याच्यापाशी ते कोठून आले? त्याने आधी अनुभवले, मग तो बोलला. हे सूत्र धरून ज्यांनी आपले संतवाङ्मय वाचले, त्या गुरुदेव रामचंद्र दत्तात्रय रानडे यांच्याविषयी आज चार शब्द लिहितो.

रानडे यांचा जन्म 3 जुलै 1886 रोजी जमखंडीस झाला. 1901 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. पुण्यास डेक्कन कॉलेजात त्यांचा विषय गणित होता. पुढे कठीण आजार आला. त्यातून ते उठले आणि तत्त्वज्ञानाकडे वळले. 1914 साली एम.ए. झाले. फर्ग्युसन, सांगलीचे विलिंग्डन आणि मग अलाहाबाद विद्यापीठ, अशी त्यांची अध्यापनाची वाट. 1946 साली निवृत्त होऊन ते विजापूरजवळच्या निंबाळला राहिले आणि 6 जून 1957 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1926 सालचा. महाराष्ट्रातील संतांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ 1933 साली आला. पण मराठी वाचकाने आधी त्यांची ‘वचनामृते’ हाती घ्यावीत. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास आणि इतर संत यांची वेचलेली वचने त्यांत विषयवार लावली आहेत.

या निवडीतच त्यांचे गणित दिसते. आपण कीर्तनकार अभंग निवडतो तो प्रसंग पाहून, चाल पाहून, श्रोता पाहून. रानडे विचारतात, हा अभंग साधनेच्या कोणत्या पायरीवरचा? गाथ्यात अभंग कालक्रमाने लावलेले नाहीत. देव भेटत नाही म्हणून जीव तळमळणारे तुकोबा आणि भेटीच्या आनंदाने निःशंक झालेले तुकोबा तेथे शेजारी शेजारी बसतात. रानडे त्यांना क्रमाने लावतात : आधी काळोख, मग तळमळ, मग उजेड. युरोपातील साधकांनीही अशीच काळी रात्र सांगितली आहे, हे ते दाखवतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या साक्षीदारांची साक्ष जुळली, तर ती खरी मानावी, हा त्यांचा न्याय. सर्व देशांतले आणि सर्व काळांतले संत मिळून एकच ईश्वरी समाज आहे, हे त्यांचे म्हणणे या न्यायातूनच येते. निराशेचे अभंग ऐकून ‘तुकोबा संसाराला कंटाळले होते’ एवढाच अर्थ काढणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मी वाचलेले नाही.

तरी दोन ठिकाणी माझे त्यांच्याशी जमत नाही.

पहिले, त्यांचे वर्ग. ज्ञानोबा बुद्धिप्रधान, नामदेव आणि त्यांच्या काळचे संत सर्व लोकांचे, नाथ समन्वयाचे, तुकोबा व्यक्तिनिष्ठ, रामदास कृतिप्रधान. अभ्यासाला ही विभागणी सोयीची आहे. पण आमच्या भजनी मालिकेत हरिपाठ ज्ञानोबांचा, गौळण नाथांची, अभंग तुकोबांचा आणि मध्येच जनाबाई, चोखोबा येतात. कोठेही सांधा दिसत नाही. आणि तुकोबांना व्यक्तिनिष्ठ म्हणताना त्यांचे चौदा टाळकरी कोठे ठेवायचे? भामचंद्रावर, भंडाऱ्यावर ते एकटे बसले हे खरे. पण जे मिळाले ते घेऊन खाली देहूत कीर्तनाला उभे राहिले.

दुसरे अधिक महत्त्वाचे. रानडे यांच्या मापाने साक्षात्कार हाच कळस. त्यात दिव्य रूप, तेज, नाद यांच्या अनुभवांना मोठे स्थान आहे. मग आमच्या चिंचवड-आकुर्डीच्या कारखान्यात आयुष्य घालवून, रजा टाकून दरवर्षी पालखीबरोबर निघणाऱ्या गड्याचे काय? डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आजीचे काय? त्यांना तेज दिसले नाही, नाद ऐकू आला नाही. त्यांची भक्ती अपुरी म्हणायची का? संप्रदायाचे उत्तर स्पष्ट आहे. आपल्या संतांनी मोक्षाहून भक्तीचे प्रेम थोर मानले. ज्याची तुळशीची माळ उतरत नाही, एकादशी चुकत नाही आणि वाटेत कोणी खचला की जो थांबतो, त्याच्या वागण्यात अनुभव उतरलेला असतो. तो त्याला सांगता येत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही. रानडे यांच्या ग्रंथात या माणसाला पुरेशी जागा मिळालेली नाही.

असे असूनही, विशेषतः तरुण कीर्तनकारांनो, हे ग्रंथ वाचा. गणितात दुसऱ्याची सिद्धता पाठ करून भागत नाही. ती आपण स्वतः पायरी पायरीने करून पाहावी लागते. आज पाठांतर चांगले आहे, आवाज चांगले आहेत, ध्वनिक्षेपकही मोठे आहेत. प्रमाण म्हणून अभंग उच्चारताना त्यातले थोडे तरी आपण जगलो का, हा प्रश्न मात्र मागे पडत चालला आहे. गुरुदेवांचे ग्रंथ तो प्रश्न पुन्हा समोर ठेवतात. त्यांचे वर्ग बाजूला ठेवले तरी चालेल, हा प्रश्न बाजूला ठेवू नये.